परमार्थ, पंगत आणि पडदा

बागमांडल्याच्या धक्क्यावरून सुटलेली फेरीबोट सावित्रीची खाडी ओलांडून पलीकडे वेशवीला लागते. अलीकडे रायगडचा श्रीवर्धन तालुका, पलीकडे रत्नागिरीचा मंडणगड. एवढ्याशा पाण्याभोवती महाराष्ट्रातल्या समतेच्या भांडणाची किती ठिकाणं दाटली आहेत, हे नकाशा उघडल्यावर लक्षात येतं. नदीच्या वरच्या अंगाला महाड. तिथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबत आलेले हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले, आणि सनातन्यांनी नंतर ते तळं गोमूत्र-शेणाने 'शुद्ध' करून घेतलं. खाडीच्या दक्षिणेला मंडणगड तालुक्यात आंबडवे, बाबासाहेबांचं मूळ गाव. आणखी खाली दापोली तालुक्यात पालगड, साने गुरुजींचं जन्मगाव. आणि उत्तरेला खुद्द श्रीवर्धन. बाळाजी विश्वनाथ भटांचं, म्हणजे पहिल्या भट पेशव्यांचं हे गाव १९४८ पर्यंत सिद्दी नवाबाच्या जंजिरा संस्थानात होतं.

या पट्ट्यात देवाधर्माची कमतरता कधीच नव्हती. हरिहरेश्वर आहे, दिवेआगरचा गणपती आहे, मोहल्ल्यांतल्या मशिदी आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना 'शनवार तेली' म्हटलं गेलं, त्या बेने इस्रायलींची सिनेगॉगही याच किनाऱ्यावर उभी राहिली. देवाला सगळी लेकरं सारखी, हे इथे कोणत्याही आळीत कुणीही मान्य करील. तरीसुद्धा याच रायगड जिल्ह्यातून २०१३ नंतरच्या दोन-तीन वर्षांत गावकीने कुटुंबंच्या कुटुंबं वाळीत टाकल्याच्या तक्रारी एकामागून एक पुढे आल्या. राज्याला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा हा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे.

देव मान्य, समता मान्य, आणि शेजाऱ्याला वाळीत टाकणंही मान्य. हे तिन्ही एकाच मनात कसं मावतं?

प्रश्न जुना आहे, आणि निव्वळ समाजशास्त्राचा नाही. सर्वांभूती एकच तत्त्व आहे असं ज्यांनी शतकानुशतकं म्हटलं, त्यांच्याच गावात पाणवठे वेगळे राहिले. अद्वैताने यासाठी एक सोयीची वाट ठेवली होती: परमार्थात अभेद, व्यवहारात भेद. काशीच्या गल्लीत शंकराचार्यांनी समोरून येणाऱ्या चांडाळाला बाजूला व्हायला सांगितलं, तेव्हा त्याने उलट विचारलं की बाजूला कुणी व्हायचं, देहाने की आत्म्याने? आचार्य वरमले, त्यांनी त्याला वंदन केलं, आणि 'मनीषापंचक' त्यातून जन्मलं, असं परंपरा सांगते. गोष्ट देखणी आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गल्लीत कोण कुणासाठी बाजूला झालं, याबद्दल ती काही बोलत नाही.

सिनेमाची गंमत अशी, की त्याला परमार्थ दाखवताच येत नाही. आत्म्याचा फोटो निघत नाही. कॅमेऱ्यापुढे असतात ती शरीरं, भांडी, उंबरे, पाटपाणी. कोण ओसरीवर बसलंय आणि कोण अंगणात उभं आहे, कुणाला वरून पाणी ओतलं जातंय, कोण दोन पावलं मागून चालतंय, हे दिग्दर्शकाच्या मनात असो वा नसो, फ्रेममध्ये येतंच. कीर्तनात 'सगळे सारखे' हे वाक्य हवेत राहू शकतं. पडद्यावर त्या वाक्याला बसायला जागा द्यावी लागते, आणि जागा दिली की रांग दिसते. आजच्या भेदभावाशी जुन्या चित्रपटांना बोलता येतं ते या कारणाने. त्यातला उपदेश बहुतेक वेळा साधाच असतो. पण उपदेश झाकतो ती मांडणी त्यांनी चित्रित करून ठेवली आहे.

प्रभातचा 'धर्मात्मा' घ्या. साल १९३५, दिग्दर्शक व्ही. शांताराम, एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. चित्रपटाचं आधीचं नाव 'महात्मा' होतं. गांधीजींची आठवण करून देणाऱ्या त्या नावाला सेन्सॉरने हरकत घेतली, म्हणून ते बदललं. त्यात पैठणच्या महंतापासून घरच्या हरिपंडितापर्यंत सगळ्यांचं एकनाथांशी बिनसतं, पण कशावरून? देवाचं प्रेम सर्वांवर आहे, यावरून नाही. ते महंतही नाकारणार नाही. भांडण पेटतं अन्नावरून. कुणाला आधी जेवू घातलं, कुणाच्या घरी जाऊन जेवले, कुठलं पोर उचलून घेतलं. एकनाथांच्या भक्तीला पैठणात कुणाचीच ना नव्हती. गाव उठलं ते त्यांनी पंगत मोडल्यावर. भक्ती आणि पंगत यांत एकनाथ जो सांधा जोडतात, तोच गावाला तुटलेला हवा असतो.

या चित्रपटाच्या वर्षाकडेही पाहायला हवं. पुणे करार तीन वर्षांपूर्वीचा. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह पाच वर्षं चालून थकलेला. आणि त्याच १९३५ च्या १३ ऑक्टोबरला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं, की आपण हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. म्हणजे एकीकडे पडद्यावर एक ब्राह्मण संत महाराघरी जेवत होता आणि प्रेक्षक गहिवरत होते. दुसरीकडे, ज्यांच्या घरी जेवायचं ती माणसं पंगतीतूनच उठायच्या तयारीत होती. 'धर्मात्मा'त दलित पात्रं आहेत, पण त्यांच्या वाट्याला कृतज्ञता आली आहे. राग आलेला नाही. आज हा चित्रपट बघताना एकनाथांच्या मोठेपणाइतकीच ही विभागणीही डोळ्यांत भरते. एका बाजूला देणारा, दुसऱ्या बाजूला घेणारा, आणि बोलायचं काम देणाऱ्याचं.

वाळीत टाकणं कसं चालतं हे समजून घ्यायचं असेल, तर १९४० च्या 'संत ज्ञानेश्वर'च्या कथेइतका चांगला धडा सापडणार नाही. संन्याशाची मुलं म्हणून चार भावंडांना आळंदीने बाहेर ठेवलं, हे प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असतं. आठवतं ते मात्र रेड्याने वेद म्हटले, भिंत चालली, एवढंच. मधली एक साधी गोष्ट मागे पडते. मुक्ताई मांडे भाजायला कुंभाराकडे खापर मागायला जाते आणि विसोबा चाटी ते मिळू देत नाही. बहिष्कार म्हणजे प्रत्यक्षात हेच. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. खापर मिळत नाही. कुंभाराचं त्या मुलीशी काही वैर नसतं. त्याला फक्त विसोबाला नाराज करायचं नसतं.

२०१६ च्या कायद्याने बहिष्काराचे जे प्रकार कलमवार मोजले आहेत, ते वाचताना ही गोष्ट आठवत राहते. धार्मिक कार्यात येऊ न देणं, लग्नाला किंवा अंत्यविधीला जाण्यापासून लोकांना रोखणं, बोलणंचालणं आणि देवघेव तोडणं. प्रत्येक कलमामागे एक कुंभार आहे, ज्याचं वैयक्तिक काही म्हणणं नाही. कोकणात शिमग्याची पालखी कुणाच्या दारात थांबते आणि कुणाचं दार टाळून पुढे जाते, यात कुटुंबाचं गावातलं स्थान ठरतं. देव तोच, पालखी तीच. फिरतो तो फक्त रस्ता.

इथे धर्माच्या बाजूनेही एक अवघड प्रश्न आहे, आणि तो टाळून चालणार नाही. एखाद्या पंथाला आपल्यातून कुणाला काढण्याचा हक्क असतो की नाही? मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृतीविरोधी कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना यांनी त्याला आव्हान दिलं, आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो धर्मस्वातंत्र्याच्या आड येतो म्हणून रद्द ठरवला. श्रद्धेच्या घराला दार असणार, आणि दार असलं की आत-बाहेर असणार, हा त्यामागचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण 'ज्ञानेश्वर'ची कथा दाखवते, की आळंदीत मोडला गेला होता तो भावंडांचा जगण्याचा हक्क. त्यांच्या श्रद्धेवर कुणी बोट ठेवलंच नव्हतं. वेदाधिकार नाकारणं आणि खापर नाकारणं या दोन गोष्टी एकाच नावाखाली चालवल्या जातात, आणि तिथेच गफलत होते.

ती कथाही शेवटी गफलत करतेच. रेडा वेद बोलतो, पैठणचे शास्त्री हतबुद्ध होतात, प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. पण चमत्कार करता आला नसता, तर त्या चार मुलांचं काय झालं असतं? माणूस म्हणून मान्यता मिळवायला आधी देव असल्याचा पुरावा द्यावा लागणं, ही अट चित्रपट तशीच ठेवतो. कॅमेरा व्यवहार दाखवतो म्हणून त्याचं कौतुक. तो चमत्काराच्या मोहात पडला की पुन्हा परमार्थाच्या आडोशाला जाऊन बसतो. १९३६ च्या 'संत तुकाराम'ने हा तोल जास्त सांभाळला. तिथे सालोमालो आहे. तो तुकोबांचे अभंग चोरून स्वतःच्या नावावर खपवतो आणि त्याच तुकोबांना शूद्राने वेदार्थ सांगावा का म्हणून कचाट्यात धरतो. म्हणजे तत्त्वाचा वाद तोंडी लावायला, खरा जीव पोटापाण्यात आणि प्रतिष्ठेत. आणि समोर जिजाई आहे, जी विठोबाला खडसावून विचारते की पोरांच्या तोंडात काय घालू. दामले-फत्तेलालांचा हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही गौरवला गेला, त्यात जिजाईच्या त्या संसारी रागाचा वाटा मोठा असणार.

श्रीवर्धनच्या किनाऱ्याला मात्र सगळ्यात जवळचा वाटावा असा चित्रपट संतांवरचा नाही. तो आहे १९४१ चा 'शेजारी'.

कथा विश्राम बेडेकरांची, दिग्दर्शन शांतारामांचं. प्रभातसाठी त्यांनी दिग्दर्शित केलेला हा अखेरचा चित्रपट. आदल्या वर्षी लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव झाला होता. अशा वेळी शांतारामांनी एका खेड्यातल्या दोन म्हाताऱ्या मित्रांची गोष्ट सांगितली. जिवबा आणि मिर्झा. गावात धरण बांधायला आलेल्या ओंकारला जमीन हवी असते, आणि हे दोघे एकत्र असेतो ती मिळणार नसते. मग दोघांच्या मधे संशयाची पाचर ठोकली जाते. शेवटी धरण फुटतं आणि दुरावलेले मित्र एकमेकांचा हात धरून त्या लोंढ्यात जातात. द्वेष हा कुणा एका धर्माच्या स्वभावातून आलेला नाही, त्याला गिऱ्हाईक आणि विक्रेता असतो, हे इतक्या थेटपणे सांगणारे चित्रपट त्या काळात फार नव्हते.

तसाच संशय या किनाऱ्यानेही पाहिला. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातल्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यांवर शस्त्रं आणि आरडीएक्स उतरवलं गेलं. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं मेली. तोवर शेखाडी हे नाव बाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्यानंतर ते पेपरांतून देशभर गेलं, आणि त्यासोबत कोकणी मुसलमान या शब्दाकडे बघायची एक नजरही गेली. पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर आणि नंतर आखातात राबणारा, घरात कोकणी-मराठी बोलणारा समाज एका रात्रीच्या मालावरून ओळखला जाऊ लागला. स्फोटांच्या खटल्यात टाडा न्यायालयाने २००६-०७ मध्ये ज्यांना दोषी ठरवलं, त्यांत कस्टम्सचे अधिकारी होते, पोलीस होते, आणि त्यातली अनेक नावं हिंदू होती. माल उतरला तो किनाऱ्यावर डोळे मिटून घेणाऱ्या खुर्च्यांमुळेही उतरला. संशय मात्र खुर्चीला चिकटला नाही, आडनावाला चिकटला. पूर्वग्रहाचं गणित हे असं चालतं: एका गटातला गुन्हेगार हा त्या गटाचा नमुना ठरतो, दुसऱ्या गटातला गुन्हेगार हा अपवाद. 'शेजारी'तला ओंकार आज परत आला, तर त्याला धरणही लागणार नाही. मोबाईलवर फिरणारी एक चित्रफीत पुरेल.

'शेजारी'त मिर्झा झाले गजानन जागीरदार, आणि जिवबा केशवराव दाते. हिंदी आवृत्ती 'पडोसी'त शांतारामांनी आणखी एक पाऊल टाकलं. तिथेही मिर्झा जागीरदारच, पण हिंदू ठाकूरच्या भूमिकेत मझहर खान. हिंदू नट मुसलमान आणि मुसलमान नट हिंदू. हा योगायोग नव्हता, आणि त्या पडद्यावर तो एकटाही नव्हता. ज्ञानेश्वर झालेले शाहू मोडक अहमदनगरच्या ख्रिस्ती घराण्यातले. त्यांनी कृष्णही कित्येकदा साकारला. 'बूट पॉलिश'मधला प्रेमळ जॉन चाचा करणारे डेव्हिड हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, याच किनाऱ्यावरच्या चौलचं नाव लावणारे बेने इस्रायली. पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) ज्या नाटकावरून झाला, ते लिहिणारे जोसेफ डेव्हिड पेणकरही त्याच समाजाचे. पुढे जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) मध्ये बाबासाहेब साकारले मामुट्टींनी.

यात सौहार्दाच्या भाषणापेक्षा अधिक खोल काहीतरी आहे. जन्माने आलेली ओळख हाडामांसात असते, हा पूर्वग्रहाचा मूळ विश्वास. नट तो रोज खोटा पाडतो. मुद्रा, बोलणं, चाल, प्रार्थनेची बैठक, हे सगळं शिकता येतं. म्हणजे ते शिकवलेलं असतं. एकनाथांना हे चित्रपटाच्या साडेतीनशे वर्षं आधी उमगलं होतं. त्यांची भारुडं म्हणजे सोंगंच. पैठणचा ब्राह्मण महाराच्या तोंडचा जोहार लिहितो, आंधळ्याच्या, जोगवा मागणाऱ्याच्या, फकिराच्या आवाजात बोलतो. दुसऱ्याचं सोंग घेतल्याशिवाय त्याच्या जागेवरून जग कसं दिसतं ते कळत नाही, ही त्यांची रीत. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. सोंग उतरवता येतं. ज्याला ते उतरवता येत नाही, त्या चोखोबाचे अभंग वेगळे ऐकू येतात.

मर्यादेची गोष्ट निघालीच आहे, तर प्रेक्षकाच्या अश्रूंबद्दलही बोलायला हवं. आपल्या काव्यशास्त्रात साधारणीकरणाची कल्पना आहे: रंगमंचावरचं दुःख अमक्या-तमक्याचं राहत नाही, सर्वांचं होतं, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. रसासाठी हे ठीक, न्यायासाठी धोक्याचं. कारण सर्वांचं झालेलं दुःख कुणाचंच उत्तरदायित्व नसतं. १९३६ च्या 'अछूत कन्या'त देविकाराणीची कस्तुरी रेल्वे फाटकापाशी जीव देते, आणि प्रेक्षक हळहळत घरी जातो. मेलेल्या मुलीला पंगतीत बसवायचा प्रश्न येत नाही.

१९५९ ची 'सुजाता' मरत नाही, पण तिच्यापुढेही अट आहेच. बिमल रॉय यांनी कुठेही आवाज न चढवता हे घर दाखवलं: दत्तक घेतलेली मुलगी 'मुलीसारखी' आहे, 'मुलगी' नाही. नूतनचे डोळे ते 'सारखी' झेलत राहतात. शेवटी आईला रक्त लागतं, जुळतं ते सुजाताचंच, आणि मग मिठी. ती आई झालेल्या सुलोचनाबाईंनी पाचच वर्षांपूर्वी आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले'त सावित्रीबाई साकारली होती, हे लक्षात घेतलं तर प्रसंग आणखी बोचतो. सावित्रीबाईंनी शाळेत घेताना कुठल्या मुलीचं रक्त तपासलं होतं? अमेरिकेतही हाच पेच दिसतो. १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहांवरची बंदी उठवली, आणि त्याच वर्षी 'गेस हूज कमिंग टू डिनर' आला. गोऱ्या घरात जेवायला येणारा काळा जावई सिडनी पॉइटिएने रंगवला. पण तो असा जगप्रसिद्ध, निर्दोष, सुसंस्कृत डॉक्टर, की त्याला नाकारायला रंगाशिवाय कारणच उरू नये. सामान्य काळा मुलगा त्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोचतच नाही.

या मालिकेला खरा छेद दिला नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ने (२०१३). त्यातल्या जब्यात संताने जवळ घ्यावं असं काही नाही, तो रक्त देत नाही, चमत्कारही करत नाही. त्याला शाळेतली मुलगी आवडते आणि नवी जीन्स हवी असते. त्याच्या घरच्यांना गावासमोर डुकरं धरावी लागतात. डुक्कर हातातोंडाशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, आणि सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं. मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबांची चित्रं आहेत. मंजुळे ती चित्रं बोट करून दाखवत नाहीत. पात्रं नुसती समोरून जातात. 'धर्मात्मा'पासून कॅमेऱ्याने जे नकळत केलं होतं, ते इथे जाणून केलं आहे. आणि जब्याचा शेवटचा दगड येतो तो सरळ बघणाऱ्याच्या रोखाने.

कुणी म्हणेल, मग जुने चित्रपट बघायचे कशाला? 'फँड्री' पुरे. पण 'फँड्री' समजायला भिंतीवरची चित्रं कोणाची ते माहीत असावं लागतं, आणि ती तिथे रंगवून समाज कसा निर्धास्त झाला तेही. शिवाय जुन्या चित्रपटांत एक पात्र हमखास सापडतं, जे नव्या, रागावलेल्या चित्रपटांतून कधीकधी निसटतं: भला माणूस. दुष्ट नसलेला, देवभोळा, आणि भेद पाळणारा. हरिपंडित तसा आहे, कुंभार तसा आहे, सुजाताची आई तशी आहे. सिडनी लुमेटचा '१२ अँग्री मेन' (१९५७) आणि त्यावरून बासू चॅटर्जींनी केलेला 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) तर सबंध याच माणसांवर उभे आहेत. झोपडपट्टीतल्या पोरावर खुनाचा आरोप, बारा माणसं एका खोलीत. 'ही असलीच माणसं' म्हणून एक ज्यूरर गरळ ओकू लागतो, तेव्हा लुमेटच्या चित्रपटात बाकीचे एकेक करून टेबलावरून उठतात आणि पाठ फिरवतात. कुणी वाद घालत नाही. बसण्याची जागा बदलते, आणि त्या माणसाचा आवाज खाली येतो.

परमार्थाची बाजू मात्र इतक्या सहज निकालात काढता येणार नाही. सगळे एक आहेत, हा विश्वास नसता तर एकनाथ महाराघरी गेलेच नसते. पंगत मोडायचं बळ त्यांना तिथूनच आलं. केवळ व्यवहाराच्या हिशेबाने चालणारा माणूस उद्या व्यवहारासाठीच भेद पाळील. सालोमालो दुसरं काय करतो? अडचण अभेदाच्या तत्त्वात नाही. त्या तत्त्वाला उंबऱ्याच्या आत येऊ न देता देव्हाऱ्यातच ठेवलं जातं, तिथे आहे. आणि चित्रपटसुद्धा एक देव्हारा होऊ शकतो.

'श्यामची आई' तसा झाला. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी लिहिलेलं पुस्तक, त्यावरून आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये केलेला चित्रपट, आणि पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक. पुस्तकात दलित म्हातारीच्या मोळीचा प्रसंग आहे. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. आणि घरी आल्यावर अंघोळ कर, हेही सांगते. एकाच वाक्याच्या दोन टोकांना परमार्थ आणि व्यवहार. गुरुजींनी ती अंघोळ लपवली नाही, हा त्यांचा मोठा प्रामाणिकपणा.

तो मुलगा पुढे मोठा झाला, महाराष्ट्रभर फिरून मंदिरं खुली करा म्हणून सांगत राहिला, आणि मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार दलितांसाठी उघडावं म्हणून प्राणांतिक उपोषणाला बसला. त्याच वर्षी मुंबई राज्यात मंदिरप्रवेशाचा कायदाही आला. चित्रपट मात्र आईपाशी थांबतो. शाळांमधून तो दाखवताना आईचे संस्कार कोणते, हा प्रश्न ठरलेला. त्यासोबत पुस्तकातला मोळीचा प्रसंग वाचून दाखवला आणि पंढरपूरचं उपोषणही सांगितलं, तर सावित्रीच्या अलीकडच्या किंवा पलीकडच्या कुठल्याही वर्गातली मुलगी विचारू शकते, की आईने अंघोळ का करायला सांगितली. मग शिक्षकांना 'देवाला सारे सारखे' एवढ्यावर सुटका करून घेता येत नाही. गावात कुणाची विहीर कुठे होती, पालखी कुठल्या रस्त्याने जाते, वर्गात डबा उघडताना कोण कुणाच्या शेजारी बसतं, इथूनच त्यांना उत्तराची सुरुवात करावी लागते.